तुमच्या घरचा टाईम किती?

"भैया कहाँ हैं?"

माझ्या दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास हेच विचारतो. मी काउंटरमागे बसलेली असते, डोळ्याला आयग्लास, हातात चिमटा, समोर कोणाच्या तरी घडीचं पोट उघडं. तरी त्याला भैया हवा असतो. सुरुवातीला मी चिडायची. फाडकन म्हणायची, "भैया नहीं हैं, मैं ही हूँ." मग तो घडी खिशात घालून निघून जायचा. आता म्हणते, "भैया खाना खाने गए हैं, तब तक मुझे दिखा दो." तो बिचारा दाखवतो. काम होतं, घडी चालायला लागते आणि जाताना एखादा सांगून जातो, "भैया आएँ तो बोलना, बढ़िया काम किया." सांगते म्हटलं बापा, अवश्य सांगते.

आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, म्हणून मीही इथे घडीच लिहिणार आहे. पुण्या-मुंबईकडच्यांनी सांभाळून घ्यावं. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, लाखनीकडचे. लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा हे स्टील प्लँटात रोलिंग मिलमध्ये होते आणि सेक्टर १० मध्ये आम्हाला क्वार्टर होतं. शिफ्टची नोकरी म्हणजे घरात एकच देव, तो म्हणजे गजराची घडी. ती एकदा बंद पडली. हे ड्यूटीवर गेलेले. मी ती मांडीवर घेतली, कानाला लावली, हलवली. काहीच नाही. आता चांगल्या बाईनं ती तशीच ठेवून स्वयंपाकाला लागायला हवं होतं. पण मला राहवेना. ही वस्तू इतके दिवस चालत होती ती कशानं? आणि आज थांबली ती कशानं? सुरीच्या टोकानं मागचं झाकण काढलं आणि आत जे दिसलं ते बघून हरखूनच गेले. इतकी चाकं एकमेकांना धरून बसलेली! दुपारभर तिथेच बसले. भात करपला. घडी मात्र चालू झाली.

हे आले, घडी पाहिली, मग गादीवर पडलेले दोन बारीक स्क्रू पाहिले.

"हे कशाचे होय?"

"जास्तीचे होते," मी म्हटलं.

यांनी कपाळाला हात लावला. पण गजर वाजला आणि हे वेळेवर उठले, त्यामुळे पुढे काही बोलले नाहीत. त्या दोन स्क्रूंचं घर कुठलं, हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

एकदा कळलं की ही बाई घड्या उघडते, मग काय! क्वार्टरांच्या लाईनीतल्या सगळ्या बंद घड्या माझ्याकडे यायला लागल्या. कोणी तेलुगू, कोणी बिहारी, कोणी आपल्या गोंदियाकडचे. बदल्यात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा येत, वड्या येत, एकदा तर जिवंत कोंबडा आला. दहातल्या चार चालू होत. उरलेल्या मी आणखी बिघडवून परत देत असे आणि लोक म्हणत, जाऊ द्या जी, जुनीच होती. शौक म्हणतात तो हाच. बिघडलं तरी कोणी रागवत नाही.

खरं शिकवलं ते भिलाईच्याच पॉवर हाऊस भागातल्या बाजारातल्या घडीसाज चाचांनी. एक चाक आणायला गेले आणि त्यांच्या टपरीसमोर उभी राहून बघतच बसले. वर मान न करता ते म्हणाले, "बेटी, देखना है तो अंदर बैठ के देखो. मेरी रोशनी रोक रही हो." तेव्हापासून दुपारची कामं आटोपली की मी बसनं पॉवर हाऊसला. चाचा फार बोलत नसत. पण घडीचं झाकण उघडलं की आतली बाजू माझ्यापुढे धरत. तिथे सुईनं ओरखडलेल्या खुणा असतात. प्रत्येक घडीसाज घडी दुरुस्त केली की झाकणाच्या आतून आपली खूण करतो. कोणाचं त्रिशूळ, कोणाचं नुसतं टिंब, कोणाचं इंग्रजी अक्षर. मालकाला जन्मभर पत्ता नसतो की आपल्या मनगटावर इतक्या माणसांच्या सह्या आहेत. चाचा त्या वाचून दाखवत. "ये रायपुर वाला है. हाथ साफ, पर तेल बहुत डालता है." मला वाटे, हे तर अख्खं गावच आहे आतमध्ये!

चाचांची नजर गेली तेव्हा त्यांनी आपली हत्यारं मला देऊन टाकली. म्हणाले, "शौक में घड़ी पड़ी रहती है. धंधे में ग्राहक खड़ा रहता है. सोच लो." मी विचार केला नाही. हत्यारं रिक्षात घातली आणि घरी आले.

यांनी ती पाहिली आणि समजायचं ते समजले.

"दुकान टाकतेस का?"

"हो."

"किती दिवसासाठी? माह्या रिटायरमेंटले आता दोनच दिवाळ्या राहिल्या. मंग क्वार्टर सोडा लागते, मालूम हाये ना तुले? आपण तं गावी जाऊन राहिलो."

हीच खरी गोष्ट होती. प्लँटच्या माणसाचं घर प्लँटचं असतं. रिटायर झालं की चावी द्यायची आणि निघायचं. कोणी भिलाईतच भाड्यानं राहतं, कोणी आपल्या गावी जातं. यांचं गावी जायचं केव्हाचंच ठरलेलं होतं. भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधून झाल्या होत्या, वाट्याचं धानाचं शेत होतं. पोरगी प्रज्ञा लग्न होऊन रायपूरला गेलेली. माझं मात्र उलटं. गावी जाऊन मी काय करणार? तिथे माझी ओळख म्हणजे अमक्याची सून. इथे मी घड्या उघडत होते.

खूप भांडलो नाही आम्ही. हे भांडणारे नाहीत, गप्प बसणारे आहेत, ते जास्त वाईट. दोन दिवसांनी म्हणाले, "असं करू. मी रिटायर होईलोक तुही दुकान आपल्या पायावर उभी राह्यली, तं भाड्याचं घर पाहू अन् इथंच राहू. नाही राह्यली, तं तू बिनातक्रार गावी चालशीन. बोल."

"बोलले," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मार्केटातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं अर्धा दरवाजा, म्हणजे दारातली अर्धी जागा, मला भाड्यानं दिला. फोटो काढायला हल्ली येतं कोण, पासपोर्टवाले तेवढे. तिथे काचेचा काउंटर टाकला, टेबलावरचा दिवा लावला आणि घडीसाज होऊन बसले. झाले मात्र पट्टेवाली! दिवसभर काय, तर पट्टा बदला, सेल बदला, पट्ट्याला भोक पाडा. चावीची घडी आठ-आठ दिवस दिसायची नाही. आणि एखादी आली की मी तिच्यात अशी गुंतायची की समोर चार माणसं उभी राहून कंटाळून निघून जायची. शौकाची खोड होती ती. मला घडी का थांबली हे हवं असायचं, गिऱ्हाईकाला ती संध्याकाळी हवी असायची. यांनी येता-जाता एकदा पाहिलं आणि जेवताना नुसतं म्हणाले, "गावी मोकळं राहते. कोणी उभं राहत नाही डोक्यावर."

त्यातच एक क्रेनवाला आला. चावीची घडी, वडिलांची, मोठ्या मायेनं वापरलेली. दुखणं एवढंच की पुढे पळते. मी ती उघडली, पेट्रोलमध्ये धुतली, तेल दिलं, चाल लावून दिली. टेबलावर दोन दिवस ठेवली, अगदी शहाण्यासारखी चालली. आठवड्यानं तो परत, घडी पुन्हा पळालेली. पुन्हा धुतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या अंगाची लाहीलाही झाली, पण त्याच्यावर नाही, घडीवर. मी म्हटलं, भाऊ, तू जरा बस. मला सांग, ही दिवसभर कुठे कुठे जाते? त्याला वाटलं बाई चेष्टा करते. मग सांगायला लागला. सकाळी अमुक, मग सायकल स्टँड, मग ड्यूटी. कुठली ड्यूटी? तर स्क्रॅप यार्डात, मॅग्नेट क्रेनवर. लोखंडाचं भंगार उचलायला क्रेनला भलंमोठं चुंबक असतं ना, त्याच्याखाली हा हूक-बिक बघायला जायचा.

अगं बाई! मी कपाळावर हात मारून घेतला. चावीच्या घडीत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, बालकमानी म्हणतात तिला. श्वास घेतल्यासारखी ती उघडते-मिटते, त्यावर घडीची चाल. तिच्यात चुंबक भरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, श्वास अर्धा होतो आणि घडी धावत सुटते. चाचांच्या हत्यारांत चुंबक उतरवायचं एक यंत्र होतं. पेढ्याच्या डब्याएवढं. मी त्याला इतके दिवस हातही लावला नव्हता. घडी त्यावरून फिरवली, झालं. पापणी लवायच्या आत. त्याला म्हटलं, ड्यूटीवर जाताना घडी डब्याच्या पिशवीत ठेवायची.

त्या दिवसापासून मी माझी रीत बदलली. घडी उघडायच्या आधी माणूस उघडायचा. कुठे काम करता? घडी रात्री कुठे ठेवता? आंघोळीला काढता का? एका रिटायर मास्तरांची सेलची घडी रोज मागे पडायची आणि माझ्या टेबलावर सुतासारखी सरळ चालायची. विचारता विचारता कळलं की गुरुजी बीपीसाठी चुंबकाचं कडं घालतात, त्याच हातात. चुंबक जवळ आलं की सेलची घडी पावलं टाकायचीच थांबते, दूर गेलं की पुन्हा निघते. म्हटलं, गुरुजी, कडं उजव्या हातात घाला. गुरुजी म्हणाले, "पण असर डाव्या हातानेच होतो असं लिहिलंय." शेवटी घडी उजव्या हातात गेली. ते अजून उजव्या हातात घडी घालतात आणि दर वेळी मलाच टाईम विचारतात.

चौकशा करणारी बाई म्हणून लोकांना गंमत वाटायला लागली. दुकान जरा हललं. एक दिवाळी गेली. हे काही म्हणेनात, पण गावचा विषयही काढेनात. मला वाटलं, जमतंय. आणि नेमकी तेव्हाच साहूची भिंतीवरची घडी आली.

साहू म्हणजे यांच्याच शिफ्टमधला, उतईहून मोटरसायकलनं येणारा. अतिशय सरळ माणूस. घरची मोठी घडी बंद पडली होती, आत पालीनं अंडी घातली होती, बाकी काही नाही. साफ केली, नवा सेल टाकला आणि प्रेमानं, अगदी माझ्या हातानं, मिनिट-सेकंद जुळवून दिली. ओळखीचं काम म्हणून लोलकही पुसून चकचकीत केला.

दुसऱ्या दिवशी साहू पहिल्या शिफ्टला उशिरा पोचला. गेटवर बोलणी खाल्ली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. या वेळी हाजिरीच कापली गेली. आणि मिलमध्ये सगळ्यांसमोर यांना म्हणाला, "भैया, भाभी ने घड़ी बिगाड़ के दे दी. पीछे चलती है."

झालं. मिलमध्ये बातमी पसरायला काय लागतं? कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, मॅडमकडे घडी देऊ नका, हाजिरी खाते. दुकानात येणारी दोन-तीन माणसं यायची थांबली. एकजण तर सेल टाकायला दिलेली घडी तशीच परत घेऊन गेला, "रहने दीजिए" म्हणून. हे घरी आले ते चप्पल न काढताच पलंगावर बसले.

"बस झालं आता, प्रज्ञाची आई. माहे थोडेच दिवस राहिले. तेवढे तं इज्जतीनं निघू दे. बंद कर दुकान."

"अजी, पण घडी बरोबर होती!"

"बरोबर होती तं तो लेट कावून झाला?"

मला माझा अपमान नाही, तो प्रश्नच जास्त चावत होता. सेल नवा, मशीन साफ. का मागे पडावी? सुट्टीच्या दिवशी मी यांना म्हटलं, दुकान मी बंद करीन, पण आधी ती घडी मला डोळ्यांनी पाहू द्या. हे नको नको म्हणत होते. शेवटी स्कूटर काढली.

उतईला साहूच्या अंगणात पोचलो. आत भिंतीवर माझी घडी. मी मनगटावरची पाहिली, भिंतीवरची पाहिली, परत मनगटावरची. काट्याला काटा! एका सेकंदाचा फरक नाही.

"साहू भैया, ये तो बिल्कुल सही है!"

"कहाँ सही है, भाभी?" साहू काकुळतीला आला. "बीस मिनट पीछे है."

"किससे पीछे?"

तो गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, घडीकडे पाहिलं. "घर के टाइम से."

तेवढ्यात त्याची बायको पाण्याचे गिलास घेऊन आली आणि तिनं सहज सांगितलं, "हमर घर के घड़ी ह सदा दिन बीस मिनट आगू रहिथे, दीदी. मोर ससुर के बेरा ले."

म्हणजे सासऱ्याच्या काळापासून त्या घराची घडी वीस मिनिटं पुढेच. सासरे पण प्लँटातच होते. गेट चुकू नये म्हणून त्यांनी ती पुढे करून ठेवली आणि घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात वीस मिनिटं वजा करायची सवय पक्की बसली. पोरं शाळेत जातात ती वजा करून, चहा ठेवतात तो वजा करून. साहू सकाळी भिंतीकडे पाहणार, मनात वीस मिनिटं मागे जाणार आणि आरामात निघणार. मोबाईल खिशात असतो हो, पण सकाळच्या घाईत पायात बूट घालणारा माणूस मोबाईल नाही काढत, भिंतीकडे बघतो. मी शहाणीनं घडी खरी करून दिली आणि हे सगळं कुटुंब त्या खऱ्यातूनही वीस मिनिटं वजा करत राहिलं!

मला इतकं हसू आलं की पाण्याचा ठसका लागला. साहूला आधी राग आला, मग तोही हसला. मी स्टूल मागितला, वर चढले आणि घडी वीस मिनिटं पुढे केली. साहूची बायको म्हणाली, "अब बने होगे." झाली बरोबर!

परतताना यांनी अर्ध्या वाटेत स्कूटर हळू केली. मग रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि मागे वळून विचारलं, "आपल्या घरची घडी किती पुढं हाये वो?"

"पंधरा मिनिटं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग तू सगळ्या भिलाईच्या घड्या ठीक करतेस, आपली कावून नाही केली?"

अव्वो! खरंच की. लग्न झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघरातली घडी पंधरा मिनिटं पुढे होती आणि मी रोज तिच्याखाली पोळ्या लाटत मनात वजाबाकी करत होते. ती चुकीची आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. हे स्कूटरवर बसल्या बसल्या हसायला लागले, मी मागे हसते, रस्त्यानं जाणारे बघताहेत. दुकान बंद करायचं कोणीच बोललं नाही.

साहूनं मिलमध्ये स्वतःच सगळी गोष्ट सांगितली, आणि तिखटमीठ लावून सांगितली. त्यानंतर जो येईल त्याला मी आधी विचारायची, "तुमच्या घरचा टाईम किती?" आणि काय सांगू, एक नवंच गाव उघडलं माझ्यापुढे. जवळजवळ प्रत्येक प्लँटवाल्या घराचा आपला टाईम! कोणाचा पाच मिनिटं पुढे, कोणाचा अर्धा तास. एका नव्या सुनेचं माहेर पंचवीसवालं आणि सासर दहावालं, तिची लग्नानंतर महिनाभर सगळी कामं चुकीच्या वेळी होत असत आणि सासू म्हणे पोरगी सुस्त आहे. एक रिटायर फोरमन, आता कुठेही जायचं नाही, तरी घडी पुढेच. मी म्हटलं, आता खरी करून देऊ का? ते दचकले. "नको जी. मंग हे घर आपलं नाही वाटन." आणि एक बाई, नवरा जाऊन बराच काळ झालेला. मी विचारलं किती पुढे, तर म्हणाल्या, "ते ठेवत तेवढी." किती ते त्यांना आकड्यात माहीतच नव्हतं. मी त्यांच्या बंद घडीवरून तर काही काढू शकत नव्हते. मग त्यांना विचारत बसले, ते गेले की किती वेळानं प्लँटचा भोंगा ऐकू येई, आणि भोंग्याच्या त्या ठरल्या वेळेला काटा कुठे असे. असं करत करत बारा मिनिटांवर आलो. घडी लावली. त्यांनी ती पाहिली आणि नुसती मान हलवली, डोळे भरून आले. माझेही आले, लपवून काय करू.

या विचारपुशीनं दुकान उभं राहिलं, हे खरं आहे. लोक घडी घेऊन येत आणि वर घरच्या टाईमची कहाणी सांगत. रसमडा गावच्या फॅक्टरीतले यायला लागले, दुर्गहून यायला लागले. चावीच्या घड्या पेटीतून निघायला लागल्या. समोर माणसं उभी राहिली तरी मला आता ओझं वाटेना, कारण मी तीही उघडत होते.

पण हे? हे काही बोलायचे नाहीत. आमचा करार त्यांना आठवत होता, मलाही आठवत होता. शेवटचे महिने तर मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, काही ओळखू येतं का म्हणून. नाही. गावाहून भावाचा फोन येई, "दादा, खोल्यांले चुना मारून ठेवू का?" हे म्हणत, "ठेव." आणि माझ्याकडे बघत नसत. दुकान उभं राहिलं होतं हे त्यांनी पाहिलं होतं. पण "राह्यली उभी" असं तोंडानं म्हणत नव्हते आणि मी विचारायला घाबरत होते.

शेवटचा दिवस आला. आमच्याकडे रीत आहे, रिटायर होणाऱ्याच्या बायकोलाही डिपार्टमेंटात बोलावतात. हार, शाल, समोसा, भाषणं. साहूनंही भाषण केलं. मग यांना बोलायला उभं केलं. हे आयुष्यात कधी माईकसमोर उभे राहिले नव्हते. खाकरले, आणि म्हणाले, "सब पूछ रहे हैं, गाँव कब जा रहे हो. मैं नहीं जा रहा. मैडम की दुकान है यहाँ. मकान देख लिया है, सुपेला में."

टाळ्या पडल्या. मी खुर्चीत तशीच. घर पाहिलं? कधी पाहिलं? मला कसं सांगितलं नाही? आनंद झाला का? झाला, खोटं नाही बोलणार. दोन वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं. पण माईकसमोर उभ्या या माणसाचा चेहरा काही आनंदाचा नव्हता.

गाड्यांतून सगळे आम्हाला घरी सोडायला आले, मिठाई खाल्ली, गेले. यांनी गळ्यातले हार काढून खुर्चीवर ठेवले. मी विचारलंच.

"मनापासून बोलले का तुमी?"

"मनापासून तं गावच हाये," हे म्हणाले. "मी खोटं कशाले बोलू?"

"मंग कावून असं बोलले? शब्द देल्ला होता म्हून?"

हे हारातली पाकळी चुरत बसले. मग म्हणाले, "पाहा, मिलमंदी आपली शिफ्ट संपली म्हून माणूस जागा सोडत नाही. रिलिव्हर येते, आपल्या बाजूले उभा राहते, मंग आपण निघतो. आज बी एक जण आला. माह्या जागेवर उभा राह्यला. मी गेटाबाहेर आलो, तं मिल चालूच होती. एक मिनिट बी नाही थांबली." हे हसल्यासारखे झाले. "माही जागा सोडता येते. तुह्या खुर्चीले रिलिव्हर कोन हाये? तू उठली, तं तिथं कोनी नाही. असं कसं नेऊ तुले?"

मी जिंकले होते आणि मला रडू आवरेना. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

आम्ही भिलाईतल्याच सुपेल्यात राहतो आता. म्हणजे मी राहते. धानाच्या रोवणीला हे गावी जातात आणि कापणी, मळणी आटोपून येतात. फोनवर त्यांचा आवाज तिथे जेवढा मोकळा असतो तेवढा इथे कधी नसतो, हे मी ओळखते. मी दोन-चार दिवस जाऊन येते, पण जीव अर्धा काउंटरवर. कोणी येऊन परत गेलं असेल, कोणाची घडी राहिली असेल. हे म्हणतात, "जा वो, जा, तुहे गिऱ्हाईक उभे असतीन." म्हणतात हसून, पण बसस्टँडवर बस हलेपर्यंत उभे असतात.

संपादकांनी मला सांगितलं, तुमच्या धंद्याचे अनुभव लिहा. लिहिले. पण मी हे लिहायला बसले ते माझ्या कामासाठीच. मला रिलिव्हर पाहिजे. बाई असो, बाप्या असो, वय कितीही असो. हात सुरुवातीला थरथरला तर चालेल, तो बसतो, माझा बसला. डोळे बरे हवेत, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते विचारायची खोड हवी. हत्यारं आहेत, खुर्ची आहे, मी शेजारी बसून शिकवीन. कोणी त्या खुर्चीवर नीट बसलं की मी निघाले यांच्या गावी. धान रोवायला आता वाकता येणार नाही मला. पण बांधावर बसून यांना चहाला हाक मारायला तर येईल.